झाडाचं वय आणि माझे केस

आमच्या दारात जांभूळ आहे. ७७ साली माझ्या बारशाला आजोबांनी लावलेलं. दोघंही वाढलो, ते उंच झालं, मी आडवा. यंदा त्याची एक फांदी शेजारच्या काकांच्या पार्किंगवर गेली आणि जूनमध्ये त्यांची पांढरीशुभ्र गाडी पार वांगी रंगाची झाली.

काका म्हणाले, "तोडून टाक की अख्खं, तुझ्याच तर जागेत आहे!" मला आपली फांदीच काढायची होती. माळीबुवांना बोलावलं तर ते कोयता पिशवीतून बाहेरच काढेनात, म्हणे आधी परमिशन आणा, नाहीतर तुम्ही सुटाल आणि मी अडकेन.

मग कळलं की जागा माझी असली तरी झाड कायद्याचं. महाराष्ट्राचा शहरातली झाडं जपण्याचा हा कायदा १९७५ चा, म्हणजे माझ्यापेक्षा थोरला, त्याचा मान राखायलाच हवा. त्यात झाड कशाला म्हणायचं तेही लिहिलंय. (मी लगेच ते वाचून परसातल्या कढीपत्त्याकडे बघितलं, तोही झाड निघाला, आता फोडणीलासुद्धा जपूनच हात लावतो.) आणि फांदी काढायची असेल तर अर्जात 'छाटणी' लिहायचं, चुकून 'तोड' लिहिलंत तर झाडावर नोटीस लागते, लोकांच्या हरकती मागवतात, म्हणजे वरातच.

अर्ज दिला, फोटो दिले, घराचे कागद दिले आणि एकदाचे पालिकेचे साहेब पाहणीला आले. झाडाभोवती फिरले, वर बघितलं, आईने दिलेला चहा घेतला आणि विचारलं, "वय किती?"

आई कौतुकाने म्हणाली, "अहो, आमच्या ह्याच्याच वयाचं!"

साहेबांनी झाडाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं, डोक्यावर जरा जास्तच वेळ बघितलं आणि कागदावर लिहिलं, अंदाजे ५५.

मी ४८ चा आहे हो! पण २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाड पन्नाशीला पोचलं की हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष होतं, मग त्याचा थाट वेगळा, आणि तोडायचं म्हटलं तर वयाइतकी रोपं लावायची. काकांनी मनातल्या मनात ५५ खड्डे मोजले असावेत, कारण त्या दिवसापासून त्यांनी गाडीवर कव्हर घातलंय आणि विषयच काढत नाहीत. मी आधार कार्ड दाखवून सांगितलं की साहेब, जन्म ७७ चा, तर म्हणाले हे तुमचं झालं, झाडाचं कुठंय?

फार गयावया केल्यावर फेरपाहणी ठरली, येत्या गुरुवारी. बायको काल बाजारातून कलप घेऊन आली. दोन पाकिटं आहेत, दुसरं कशाला विचारलं तर म्हणाली मिशीला, तिथेही चारपाच वर्षं कमी होतील.