‘प्रचंड’वर ६२,७०० कोटी पाण्यात गेले म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. त्याचा सारांश असा, की सरकारने १५६ प्रचंड या आपल्या अटॅक हेलिकॉप्टरवर ६२,७०० कोटी पाण्यात घातले, त्याच पैशात तेवढीच अमेरिकन अपाची अटॅक हेलिकॉप्टर आली असती. प्रचंड म्हणजे ध्रुव या माणसं-सामान वाहणाऱ्या आपल्या हेलिकॉप्टरलाच बंदूक लावलेली, आणि ध्रुव म्हणजे उडती शवपेटी, दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोरने ती परत केली. इंजिन परदेशी, गन परदेशी, मग स्वदेशी कसलं. आणि ड्रोनच्या जमान्यात हेलिकॉप्टर हवंय कशाला, हा जवानांच्या जिवाशी खेळ आहे.

सगळाच खोटा असता तर सोडून दिला असता. पण यात खऱ्या गोष्टी आहेत, त्यात चुकीच्या मिसळल्यात, आणि निष्कर्ष भलताच काढलाय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पैशाचं, कारण ते साध्या भागाकाराने निकालात निघतं. २८ मार्च २०२५ ला संरक्षण मंत्रालयाने ध्रुव आणि प्रचंड बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीबरोबर दोन करार केले, ६६ प्रचंड एअरफोर्सला आणि ९० आर्मीला, मिळून ६२,७०० कोटी, टॅक्स वेगळा. यात ट्रेनिंग आणि बाकीचं इक्विपमेंट पण आलं. १५६ ने भागा, एकाला साधारण ४०२ कोटी पडतात. आता अपाची. ऑगस्ट २०१७ मधे आर्मीसाठी ६ अपाची घ्यायला मंजुरी मिळाली ती ४,१६८ कोटींची, म्हणजे एकाला जवळपास ६९५ कोटी, आणि हा २०१७ चा जुना भाव. त्या जुन्या भावानेसुद्धा ६२,७०० कोटीत ९० च्या आसपास अपाची येतात, १५६ नाही. ‘तेवढीच अपाची’ हे वाक्य लिहिणाऱ्याने भागाकारच केलेला नाही.

पण मला विचाराल तर पैसा हा दुसऱ्या नंबरचा मुद्दा आहे. पहिला मुद्दा उंचीचा, आणि मेसेजमधे उंची हा शब्दच नाही.

कारगिल आठवा. २८ मे १९९९ ला तोलोलिंगच्या भागात आपलं एक एमआय-१७ स्टिंगर मिसाईल लागून पडलं, आतले चौघे शहीद झाले. एमआय-१७ हे मुळात माणसं आणि सामान वाहणारं हेलिकॉप्टर, त्याला रॉकेट लावून हल्ल्याला पाठवावं लागलं. का? कारण खरी अटॅक हेलिकॉप्टर, ती रशियन एमआय-२५ आणि एमआय-३५, आपल्याकडे होती पण त्या उंचीवर काम करू शकत नव्हती. टायगर हिलची उंची ५,००० मीटरच्या वर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरते. घाटात भरलेला ट्रक चढणीला जसा दम टाकतो तसं होतं, फक्त इथे दोन ठिकाणी एकदम, म्हणजे इंजिनाला हवा कमी मिळते म्हणून त्याची ताकद घटते, आणि रोटरच्या पात्यांना ढकलायला हवाच विरळ असते म्हणून उचल पण घटते, त्यामुळे जमिनीवर जे हेलिकॉप्टर आठ मिसाईल आणि भरलेली टाकी घेऊन सहज उठतं त्याला वर एक तर शस्त्रं कमी न्यावी लागतात नाहीतर इंधन, आणि दोन्ही कमी केलं की मग तिथे जाऊन करणार काय.

प्रचंड या एका अडचणीवर उत्तर म्हणून बनवलंय. जास्तीत जास्त वजन ५.८ टन, अपाचीचं १०.४ टन. ५,००० मीटर उंचीवरून शस्त्रं आणि इंधन घेऊन उतरता-उडता यावं हीच डिझाइनची अट होती. २०१५ मधे ट्रायलच्या वेळी ते सियाचीनच्या हेलिपॅडवर उतरलं, अटॅक हेलिकॉप्टर तिथे उतरायची ती पहिलीच वेळ. लेहच्या थंडीत आणि जोधपूरच्या उन्हात पण ट्रायल झाल्या.

आता उलट बाजूने काही लोक लिहितात की अपाची लडाखमधे उडतच नाही, तेही चूक आहे. २०२० मधे चीनबरोबर तणाव वाढला तेव्हा अपाची लेहला नेलेली होती आणि ती उडाली. एप्रिल २०२४ मधे एक अपाची लडाखमधे खबरदारी म्हणून उतरवताना खराब झालं, एअरफोर्सने कारण देताना उंची आणि खडबडीत जमीन दोन्ही सांगितली. एका घटनेवरून अपाचीला नावं ठेवणं बरोबर नाही. माझं म्हणणं इतकंच की अपाची तिथे जातं पण कमी भार घेऊन जातं, आणि प्रचंड तिथल्याचसाठी आहे.

मग अपाची कशात भारी? रणगाडे मारण्यात, त्यात वादच नाही. हेलफायर मिसाईल, ३० मिमी गन, आणि काही हेलिकॉप्टरवर रोटरच्या वर बसवलेलं लाँगबो रडार, म्हणजे टेकडीमागे लपून फक्त रडार वर काढायचं आणि समोरची सगळी वाहनं टिपायची. पंजाब-राजस्थानच्या सपाट भागात याला तोड नाही, म्हणूनच एअरफोर्सची पहिली अपाची २०१९ मधे पठाणकोटला आली आणि आर्मीची जोधपूरला. याउलट ३ ऑक्टोबर २०२२ ला प्रचंड एअरफोर्समधे आलं तेव्हा त्याच्यावर २० मिमी गन, ७० मिमी रॉकेट आणि हवेतून हवेत मारायचं मिस्ट्राल मिसाईल होतं, रणगाडाविरोधी मिसाईल नव्हतं. ही खरी उणीव आहे आणि टीका करायची तर इथे करा, कारण आपल्या स्वतःच्या हेलिना या रणगाडाविरोधी मिसाईलच्या चाचण्या ध्रुववरून झाल्यात, २०२२ मधे उंचावरही झाली, मग अटॅक हेलिकॉप्टर त्याच्याशिवाय सेवेत यावं हे मला अजिबात पटलेलं नाही. मेसेजमधे नेमकी हीच गोष्ट नाही!

‘ध्रुवला बंदूक लावली की झालं प्रचंड.’ नाही हो. ध्रुवला गन आणि रॉकेट लावलेलं हेलिकॉप्टर वेगळं आहे, त्याचं नाव रुद्र. त्यात ध्रुवसारखीच केबिन आहे आणि पायलट शेजारी-शेजारी बसतात. प्रचंडमधे केबिनच नाही, दोन पायलट एकामागे एक बसतात, त्यामुळे समोरून अंग अरुंद दिसतं आणि नेम धरणाऱ्याला लक्ष्य लहान मिळतं. सारखं आहे ते आतलं, म्हणजे शक्ती इंजिन, गिअरबॉक्स, रोटर. यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याचा एक अर्थ होतो जो एचएएलच्या चाहत्यांनी पण मान्य करायला पाहिजे, ध्रुवच्या रोटर किंवा ट्रान्समिशनमधे दोष सापडला की प्रचंडपण तपासायला घ्यावं लागतं.

म्हणून ध्रुवबद्दल. इथे मी मेसेजवाल्याला उडवून लावणार नाही, कारण माणसं गेलीत. एक्वादोरने ७ ध्रुव घेतली, त्यातली ४ पडली आणि २०१५ मधे त्यांनी करार रद्द केला, हे खरं आहे. पण चारातले दोन अपघात यांत्रिक बिघाडाचे धरले गेले, बाकीच्यांत चालवण्यातली चूक होती, आणि ‘परत केली’ असं काही झालं नाही, उरलेली त्यांनी उभी करून ठेवली. आपल्याकडचं जास्त गंभीर आहे. ८ मार्च २०२३ ला नेव्हीच्या एका ध्रुवला मुंबईजवळ समुद्रात उतरावं लागलं, तिघेही वाचले. त्यानंतर दोन महिन्यांत आणखी दोन अपघात, एक कोचीला कोस्ट गार्डचं आणि एक किश्तवाडला आर्मीचं. मग पायलटचं हँडल रोटरशी जोडणारे कंट्रोल रॉड अॅल्युमिनियमचे होते ते स्टीलचे करायचं ठरलं. आणि ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव कोसळून तिघे गेले, त्यानंतर तिन्ही दलांची आणि कोस्ट गार्डची मिळून सुमारे ३३० ध्रुव जमिनीवर बसवली गेली. स्वॉशप्लेट तुटली होती. स्वॉशप्लेट म्हणजे रोटरच्या खाली बसवलेली ती चकती जिच्यातून पायलटने हँडल हलवलं की पात्यांचा कोन बदलतो, ती गेली की पायलटच्या हातात काही उरत नाही, तो कितीही अनुभवी असो.

इतकी सगळी हेलिकॉप्टर महिनोन् महिने बसून राहणं ही किरकोळ गोष्ट नाही, सीमेवरच्या चौक्यांचा सप्लाय, आजारी जवानाला खाली आणणं, सगळ्यावर परिणाम होतो. मे २०२५ च्या सुमारास आर्मी आणि एअरफोर्सच्या ध्रुवला उडायची परवानगी मिळाली, समुद्रावरच्यांना जास्त थांबावं लागलं. एचएएलला जाब विचारायलाच हवा, चौकशीचे निष्कर्ष लोकांपुढे पूर्ण मांडायला हवेत. मात्र ‘शवपेटी’ म्हणणाऱ्याने हेही बघावं की ३०० च्या वर हेलिकॉप्टर २० वर्षांहून जास्त काळ हिमालयात, वाळवंटात, जहाजांवर उडतायत. २०१३ च्या उत्तराखंडच्या पुरात यात्रेकरूंना काढणाऱ्यांत ध्रुवही होती. दोष सापडला तर तो दुरुस्त करून घ्यायचा, सगळं टाकून द्यायचं नाही.

स्वदेशी कसलं, हा मुद्दा मी पटकन संपवतो. शक्ती इंजिन फ्रान्सच्या कंपनीबरोबर मिळून बनवलंय, गन फ्रेंच, रॉकेट बेल्जियमची, मिस्ट्राल युरोपियन. लपवायचं काही नाही, सुरुवातीच्या १५ प्रचंडमधे स्वदेशी भाग किमतीच्या हिशोबाने ४५ टक्के होता, १५६ च्या करारात तो ६५ च्या वर न्यायचाय. पण ब्रिटनने जी ६७ अपाची घेतली त्यात रोल्स-रॉइसचं इंजिन बसवलेलं होतं, आणि अपाचीच्या बॉडी हैदराबादला टाटा-बोईंगच्या कारखान्यात बनतात, म्हणून अपाची भारतीय होत नाही. प्रश्न सुट्या भागांचा नाही, डिझाइन कोणाच्या हातात आहे याचा आहे. उद्या प्रचंडवर हेलिना लावायचं ठरलं तर कोणाच्या परवानगीसाठी थांबायला लागणार नाही. अपाचीवर आपलं मिसाईल लावायचं म्हटलं तर अमेरिकेकडे जावं लागेल. शिवाय आर्मीच्या ६ अपाचीचा करार फेब्रुवारी २०२० चा, पहिली तीन आली २२ जुलै २०२५ ला. उशीर प्रचंडलाही झालाय, २००६ मधे मंजुरी, २०१० मधे पहिलं उड्डाण, २०२२ मधे सेवेत. पण तो आपल्याच घरचा उशीर आहे, त्याचा जाब आपण आपल्याच संसदेत विचारू शकतो.

ड्रोनचा मुद्दा मात्र मेसेजमधला सगळ्यात वजनदार आहे. युक्रेनमधे रशियाची कितीतरी केए-५२ अटॅक हेलिकॉप्टर पडली. अमेरिकन आर्मीने फेब्रुवारी २०२४ मधे नवीन टेहळणी-हल्ला हेलिकॉप्टरचा प्रकल्पच बंद केला. जपानने आपली अटॅक हेलिकॉप्टर काढून ड्रोन आणायचं ठरवलं. हे सगळं खरं आहे, आणि १५६ हा आकडा योग्य का यावर चर्चा व्हायलाच पाहिजे, मला स्वतःला आर्मीची ९० जरा जास्त वाटतात. पण युक्रेनचीच दुसरी बाजू बघा. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनचे रणगाडे दक्षिणेला पुढे सरकत होते तेव्हा त्याच केए-५२ नी लांबून मिसाईल मारून त्यांना भारी नुकसान केलं, आणि युक्रेन स्वतः हेलिकॉप्टर वापरून रशियन ड्रोन पाडतो. आणि पातळ हवा ड्रोनलाही सोडत नाही, थंडीत बॅटरी उतरते, भार कमी होतो, दऱ्यांमधे सिग्नल तुटतो. ड्रोन लागतीलच, भरपूर लागतील, पण ५,००० मीटरवर चौकीला वेढा पडला तर आज तिथे गन घेऊन पोचणारं दुसरं काय आहे ते मेसेजवाल्याने सांगावं.

शेवटचं वाक्य, जवानांच्या जिवाशी खेळ. हा राग मला समजतो, पण तो चुकीच्या मशीनवर काढलाय. सियाचीनला आजही चिता नावाचं हलकं हेलिकॉप्टर जातं, एका इंजिनाचं, मूळ फ्रेंच डिझाइन १९६० च्या दशकातलं, एचएएल ते १९७० च्या दशकापासून लायसन्सवर बनवत आलं. नाशिक रोडला आर्मीचं हेलिकॉप्टर पायलटचं ट्रेनिंग स्कूल आहे, तिथल्या लोकांना चिता-चेतकचा आवाज ओळखीचा आहे. ऑक्टोबर २०२२ मधे तवांगजवळ चिता पडलं, मार्च २०२३ मधे अरुणाचलमधेच मंडालाजवळ पडलं आणि दोन अधिकारी गेले. २०१५ मधे लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका एकत्र येऊन तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे गेल्या होत्या, ही हेलिकॉप्टर बंद करा म्हणून. त्याच वर्षी चिता-चेतकच्या जागी रशियाच्या २०० कामोव्ह हेलिकॉप्टरचा समझोता झाला, तो पुढे सरकलाच नाही. एचएएलच्या हलक्या हेलिकॉप्टरचं, एलयूएचचं, पहिलं उड्डाण ६ सप्टेंबर २०१६ ला झालं, आणि तरी ऑगस्ट २०२५ मधे मंत्रालय २०० नवीन टेहळणी हेलिकॉप्टरसाठी कंपन्यांकडे माहितीच मागत होतं. फॉरवर्ड करायचं तर हे करा, आणि आपल्या खासदाराला विचारा की चिताच्या जागी काय येतंय आणि कधी.