‘आता फक्त एवढं करा’ : जँगोच्या तिसऱ्या भागावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट, तिच्यावरच्या माझ्या मालिकेतले पहिले तीन भाग ताईंनी नोकरी सांभाळून, रात्री जेवणं आटोपल्यावर, विंडोजच्या लॅपटॉपवर करून पाहिले. तीन रात्री गेल्या, पण वाचनालयाच्या पुस्तकांची यादी काही पडद्यावर आली नाही. त्यांचं म्हणणं, लेख नवशिक्यांसाठी आहे म्हणता, पण ज्याला आधीच येतं त्यालाच तो कळतो. ‘आता फक्त एवढं करा’ असं मी लिहितो आणि ते ‘फक्त’ त्यांच्याकडे एकदाही झालं नाही.

खरं आहे. तिसऱ्या भागात ‘फक्त’ शोधलं, १४ वेळा निघालं. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी माझ्या हाताच्या सवयीची एखादी पायरी मी गाळलेली आहे.

तुमची पहिली रात्र खाल्ली त्या एररबद्दल आधी बोलतो : ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम यूआरएल’. माझा कोड आणि तुमचा कोड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलंत, फरक सापडला नाही, आणि मग वाटलं की हे आपल्याला जमण्यातलं नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं. तुमची चूक नव्हतीच. तो तुकडा मी माझ्या जुन्या प्रोजेक्टमधून उचलला होता. डिसेंबर २०१७ मध्ये जँगो २.० बरोबर ‘पाथ’ (वेबपत्ता कोडला जोडून देणारं फंक्शन) आलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये ४.० आलं तेव्हा जुनं ‘यूआरएल’ काढूनच टाकलं. तुम्ही पिपने (पायथॉनची पॅकेजं बसवणारं साधन) ताजी आवृत्ती घेतलीत, म्हणजे जे करायला हवं तेच केलंत. सवय असलेला माणूस ही एरर पाहताक्षणी म्हणतो, लेख जुना दिसतोय. नवशिक्याला लेखावर शंका घ्यायला आधारच नसतो, म्हणून तो स्वतःवर घेतो. आता प्रत्येक भागाच्या डोक्यावर आवृत्ती लिहिली आहे, ५.२, आणि ती कशी बसवायची तेही.

दुसरा मुद्दा फोल्डरचा. ‘बुक्स’ या ॲपच्या (प्रोजेक्टच्या एका भागाच्या) आत ‘टेम्प्लेट्स’ हे पानांच्या साच्यांचं फोल्डर, त्याच्या आत पुन्हा ‘बुक्स’, हे कशासाठी? आतलं फोल्डर काढून टाकलं तरी पान उघडलं, असं तुम्ही लिहिलंय. उघडणारच. जँगो सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी वरून खाली बघत जातो, प्रत्येक ॲपच्या ‘टेम्प्लेट्स’मध्ये डोकावतो आणि त्या नावाची पहिली फाइल सापडली की तिथेच थांबतो. उद्या सभासदांचं दुसरं ॲप केलंत आणि त्यातही ‘लिस्ट.एचटीएमएल’ ठेवलीत, की यादीत ‘बुक्स’ वर असल्यास सभासदांच्या पानालाही पुस्तकांचीच फाइल लागेल. एका वाड्यात दोन कुलकर्णी असले आणि पाकिटावर नुसतंच ‘कुलकर्णी’ असलं, तर पोस्टमन पहिल्या दारातच पत्र टाकून जातो, तसं. आतलं ‘बुक्स’ म्हणजे पाकिटावरचं पूर्ण नाव. हे मी एका वाक्यात उरकलं होतं. आता दोन ॲप करून आधी चूक घडवून दाखवतो आणि मग ती दुरुस्त करतो.

विंडोजचं : पॉवरशेल (विंडोजची कमांड द्यायची खिडकी) बहुतेक नव्या मशीनवर स्क्रिप्ट चालवूच देत नाही, म्हणून ‘व्हेन्व्ह’ (प्रोजेक्टची पॅकेजं वेगळी ठेवायची जागा) सुरू होताना लाल अक्षरं आली. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेट.बॅट’ चालवा, होईल. मी लिनक्सवर लिहितो, विंडोजवर करून पाहिलंच नव्हतं. महिलांना जँगो शिकवणाऱ्या ‘जँगो गर्ल्स’ची पहिली कार्यशाळा २०१४ मध्ये बर्लिनला झाली. त्यांच्या पाठांत जँगोच्या आधी कमांड लाइन म्हणजे काय इथपासून सुरुवात आहे आणि विंडोजच्या सूचना वेगळ्या दिल्या आहेत. मी ते पाठ वाचले होते, तरी त्यातून हे घेतलं नाही.

तुमचा भाषेबद्दलचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. डेटाबेसमधल्या टेबलांत बदल करायच्या पद्धतीला मी ‘स्थलांतर’ लिहिलं, पडद्यावर ‘मायग्रेशन’ दिसलं, आणि दोन्ही एकच आहेत हे तुम्हाला दोन दिवसांनी कळलं. मराठीत लिहायचं म्हणून मी शब्दही मराठी शोधत बसलो, आणि इंग्रजी वाचायला अवघड जातं म्हणून इथे आलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक शब्द लादला. पडद्यावर जो शब्द दिसतो तोच लेखात येईल. समजावणं मात्र मराठीतच.

एक गोष्ट मला पटली नाही. मायग्रेशनची भानगड गाळा आणि तयार डेटाबेसची फाइल द्या, असं तुम्ही सुचवलंय. ते नाही करणार. सप्टेंबर २०१४ च्या १.७ आधी हे जँगोत नव्हतं. तेव्हा ‘सिंकडीबी’ होतं : ते नवं टेबल बनवायचं, पण असलेल्या टेबलात एक रकाना वाढवायचा तर हात लावायचं नाही. मग ‘साऊथ’ नावाचं वेगळं पॅकेज घ्या, नाहीतर हाताने एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, लिहा. मी हाताने लिहिलंय, आणि एकदा एका संस्थेचा चालू डेटा त्यात बिघडवूनही बसलोय. तुम्हाला पुस्तकाच्या नोंदीत उद्या ‘देणगीदार’ घालायचा असेल, तेव्हा तयार फाइल काय कामाची?

अडचण माझ्या सांगण्यात होती. ‘मेकमायग्रेशन्स’ आणि ‘मायग्रेट’ या दोन्ही कमांड मी एका दमात सांगितल्या, तुम्ही पहिलीच चालवलीत, म्हणून ‘नो सच टेबल’ आलं. ‘मेकमायग्रेशन्स’ नुसती यादी लिहून ठेवतं, काय काय बदलायचं याची. ‘मायग्रेशन्स’ फोल्डरमधली ०००१ ने सुरू होणारी फाइल उघडून बघा : तुमच्याच मॉडेलमधली (नोंदीत कोणते रकाने हवेत हे सांगणाऱ्या कोडमधली) ‘टायटल’, ‘ऑथर’ ही नावं तिथे दिसतील. डेटाबेसला अजून कोणी हात लावलेला नसतो. ‘मायग्रेट’ म्हटल्यावर ती यादी अमलात येते. दोन्हींच्या मध्ये थांबून ती फाइल वाचायची, एवढा एक भाग मी नव्याने लिहितोय.

पहिले दोन भाग काल रात्री दुरुस्त करून चढवलेत, तिसरा रविवारपर्यंत होईल. तुमची यादी अजूनही आली नसेल तर ‘मायग्रेट’ चालवून बघा, आणि काही अडलं तर पडद्यावरची एरर जशीच्या तशी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, इथेच चिकटवा. लांब झाली तरी चालेल.