चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी क्रूझ निवडताना

गेल्या महिन्याभरात तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला. एक इथल्या, बडोद्याच्या दांडिया बाजारातली माझी मावसबहीण, एक ऑफिसातली मैत्रीण, आणि एकीने तर सकाळी कामाटीबागेत चालताना थांबवून विचारलं, "तुम्ही लेकीला क्रूझवर नेलं होतंत ना? कुठली बोट घ्यावी हो? आमचा पंधरा वर्षांचा आहे, कंटाळला की घर डोक्यावर घेतो." तिघींनाही उभ्या उभ्या थोडं थोडं सांगितलं आणि घरी आल्यावर प्रत्येक वेळी वाटलं, महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून आज सगळं लिहून काढतेय. पोस्ट लांब आहे. पण एवढा पैसा घालणार असाल तर वाचाच.

आमची पहिली क्रूझ फेब्रुवारी 2023 मध्ये झाली. परदेशातल्या एका बंदरातून, चार रात्रींची. कंपनीचं नाव घेत नाही. आम्ही बोट कशी निवडली, तर फोटो बघून. वरच्या डेकवर रंगीत घसरगुंड्या, मोठा पूल, पोहणारी हसरी मुलं. फेब्रुवारीत दरही चांगला मिळत होता, म्हणून लेकीची शाळा चार दिवस बुडवली आणि गेलो.

पहिल्या दिवशी ती त्या घसरगुंडीवरून अकरा वेळा घसरली, मी मोजलं होतं. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून झोपून राहिली आणि विचारलं, "आई, घरी कधी पोचणार?"

बोटीवर तिच्या वयाचं कुणी नव्हतंच. फेब्रुवारीत बहुतेक शाळा चालू असतात. सोबतचे बहुतेक प्रवासी निवृत्त जोडपी होती, माणसं अतिशय गोड, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीने त्यांच्याबरोबर किती बसायचं? त्यात आणखी एक गोष्ट झाली. मुलांच्या क्लबमध्ये वय बोट निघायच्या दिवशीचं धरतात. लेक होती बारा वर्षं दहा महिन्यांची. मोठ्या मुलांची खोली तेरापासून पुढे. दोन महिन्यांसाठी तिला नऊ-नऊ वर्षांच्या मुलांत बसवलं. तिथे गालांवर फुलपाखरं रंगवायचा कार्यक्रम चालला होता. अर्ध्या तासात परत आली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. हे आधी विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. या वयाच्या मुलांसाठी बोट निवडायची तर पहिला प्रश्न हाच: त्या तारखेला, त्या बोटीवर, त्यांच्या वयाची मुलं किती असतील? घसरगुंड्या, रोप कोर्स, सर्फिंग हे सगळं त्यानंतर. कितीही मोठं खेळणं एकट्याने दोन दिवसच पुरतं. आणि चार मैत्रिणी मिळाल्या तर पत्त्यांच्या एका कॅटवर चार रात्री निघतात.

म्हणून आधी कॅलेंडर उघडा, बोटीचं ब्रोशर नंतर. आपल्या गुजरातच्या शाळांना दिवाळीची तीन आठवड्यांची सुट्टी असते, तेव्हा सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटींवर सुरत, अहमदाबाद, बडोद्याची कुटुंबं हमखास भेटतात. सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर मोठी सुट्टी असते, तेव्हा तिथली मुलं असतात. युरोपात जुलै-ऑगस्ट. सुट्टीच्या दिवसांत भाडं जास्त पडतं, हे खरंच आहे. पण स्वस्तातल्या तारखेला मुलं नसतात, आणि मुलं नसतात म्हणूनच ती तारीख स्वस्त असते. मुलांसाठी जाणार असाल तर तिथे पैसा वाचवू नका. बाल्कनीच्या केबिनऐवजी आतली, खिडकी नसलेली केबिन घ्या. ही मुलं केबिनमध्ये फक्त झोपायला येतात.

दुसरी गोष्ट वयाच्या गटांची. हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनमध्ये मोठ्या मुलांचा विभाग 13 ते 17 असा आहे. एमएससी आणि कार्निव्हल 12 ते 14 आणि 15 ते 17 असे दोन गट करतात. डिस्नेच्या बोटींवर 11 ते 14 साठी एक खोली आणि 14 ते 17 साठी दुसरी. कागदावर हा फरक बारीक दिसतो, पण तेरा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा एका खोलीत असणं आणि नसणं यात खूप अंतर आहे. लाजऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला मी तरी दोन गट असलेली बोट घेईन. सोळा वर्षांच्या, चटकन बोलणाऱ्या मुलीला एकच मोठा गट चालेल. दोन भावंडं असतील, एक बारा आणि एक चौदा, तर दोघं एकाच खोलीत बसतील की नाही ते बुकिंगआधी एजंटला स्पष्ट विचारा. वाढदिवस प्रवासाच्या आसपास येत असेल तर नक्कीच.

आता बोटींबद्दल. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातल्या बोटींवर, म्हणजे अँथम, ओव्हेशन वगैरे, हवेत तरंगायचा अनुभव देणारी काचेची नळी आहे, पाण्यावर सर्फिंग करायची जागा आहे, टक्कर देणाऱ्या गाड्या आहेत आणि माणसांना समुद्रापासून सुमारे 90 मीटर वर उचलून नेणारी काचेची कुपी आहे. नॉर्वेजियनच्या ब्लिस, एन्कोर यांच्या डेकवर गो-कार्टचा ट्रॅक आहे. एमएससीच्या वर्ल्ड युरोपावर अकरा डेक खाली आणणारी कोरडी घसरगुंडी आहे. आणि जानेवारी 2024 मध्ये मायामीहून पहिल्या फेरीवर निघालेली आयकॉन ऑफ द सीज तर 20 डेकची, जवळजवळ 2,48,000 ग्रॉस टनेजची. टनेज म्हणजे वजन नव्हे, बोटीच्या आतल्या जागेचं माप. टायटॅनिक सुमारे 46,000 ची होती, आता अंदाज करा. लेकीला हे आकडे तोंडपाठ आहेत.

आणि हा आणखी एक मुद्दा: निवड तिच्यावर सोपवा. पूर्ण नाही. बजेट आणि तारखा आम्ही ठरवल्या, तीन बोटी निवडून तिच्यापुढे ठेवल्या आणि सांगितलं, यातली तू ठरव. तिने दोन आठवडे डेक प्लॅन बघितले. कुठल्या मजल्यावर काय, रात्री किती वाजेपर्यंत उघडं, कुठे उंचीची अट आहे, सगळं वहीत उतरवलं. बोटीवर पाऊल ठेवलं तेव्हा तिला रस्ते माहीत होते आणि आम्ही दोघं तिच्या मागे चालत होतो. स्वतः निवडलेल्या गोष्टीला मुलं सहजासहजी कंटाळवाणी म्हणत नाहीत.

आम्ही 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून जेंटिंग ड्रीम घेतली. 2016 साली जर्मनीत बांधलेली, सुमारे दीड लाख टनेजची, म्हणजे मधल्या आकाराची. पाण्याच्या घसरगुंड्या, दोरांवरून चालायचा कोर्स, बोलिंग, बास्केटबॉल, आणि भारतीय शाकाहारी जेवण, ज्यामुळे घरी राहिलेल्या सासूबाईंना आमच्या जेवणाची काळजी उरली नाही. जगातल्या सर्वांत झगमगीत बोटींत तिची गणना होणार नाही. पण पहिल्याच संध्याकाळी बास्केटबॉल कोर्टजवळ लेकीला तिघी भेटल्या. एक सुरतची, एक पुण्याची, एक सिंगापूरची तमिळ मुलगी. दुसऱ्या दिवशी मी लिफ्टमधून बाहेर पडले तर चौघी लॉबीत एका रांगेत उभ्या होत्या आणि आमची लेक त्यांना दोढियुं, म्हणजे गरब्यातला एक नाच, शिकवत होती. तमिळ मुलीचा पाय सारखा चुकत होता आणि सुरतवाली तिला ओरडत होती. त्या तीन दिवसांत माझी लेक मला दिसली ती फक्त जेवताना.

इथे खूप आयांचा जीव अडकतो, माझाही अडकला होता. मुलगी एकटी फिरणार? अनोळखी माणसांत? मी बडोद्याची आहे, म्हणून उत्तर मला नवरात्रात सापडलं. नऊ रात्री आपल्या मुली चनियाचोळी घालून मध्यरात्र उलटेपर्यंत बाहेर असतात आणि आपण जाऊ देतो. का? कारण सगळं शहर जागं असतं, मैदानाला फाटक असतं, मुली गटाने असतात, आणि कुठे भेटायचं ते आधी ठरलेलं असतं. बोटही तशीच आहे. बाहेर जायला रस्ता नाही, जागोजागी कर्मचारी आणि कॅमेरे आहेत, प्रत्येकाकडे कार्ड आहे. काही कंपन्यांत रात्री एकनंतर अठराच्या आतल्या मुलांना एकटं फिरू देत नाहीत. आमचे नियम चारच होते: कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही, मैत्रिणीच्याही नाही. कठड्यावर चढायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. जेवायला साडेआठला टेबलावर. आणि साडेअकराला केबिनमध्ये. तिने चारही पाळले. घरात ज्या मुलीला दहा वेळा हाक मारावी लागते, ती तिथे साडेआठला पाच मिनिटं कमी असताना टेबलाशी हजर असायची.

सासूबाईंची भीती मात्र वेगळी होती, आणि तिच्यापुढे मी बराच वेळ गप्प होते. 18 जानेवारी 2024 ला आपल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती, कित्येकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर बडोद्यातल्या कुठल्याही आजीपुढे "बोट" हा शब्द काढणं सोपं राहिलेलं नाही, आणि नसावंही. मी त्यांना "मोठी बोट आहे, काही होत नाही" असं म्हटलं नाही. इटलीजवळ जानेवारी 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट आडवी झाली, 32 माणसं गेली, ती बोट मोठीच होती. त्या वेळी आदल्या बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांना तोवर सुरक्षेची कवायतच दाखवली नव्हती. पुढे नियम कडक झाले, आता बोट निघायच्या आधी किंवा निघताक्षणीच ती घ्यावी लागते. म्हणून आमच्या घरात ती कवायत लेकीच्या हवाली केली. आपलं जमायचं ठिकाण कुठलं, केबिनपासून तिथवर दोन रस्ते कुठले, जॅकेट कपाटात कुठे आहे, हे तिने आम्हाला चालवत नेऊन दाखवायचं. व्हिडिओ कॉलवर तिने ते आजीलाही दाखवलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जॅकेटाचे बंद नीट आहेत का, ओढून बघ." तिने ओढून दाखवले.

बडोदेकरांसाठी एक सल्ला, हा कुठल्याच एजंटने मला दिला नव्हता. क्रूझ बुक करायच्या आधी एक रविवार काढा आणि सुरतच्या पुढे हजिऱ्याला जाऊन आखातापलीकडच्या, भावनगरजवळच्या घोघ्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, पकडा. नोव्हेंबर 2020 मध्ये ती सेवा सुरू झाली. रस्त्याने 370 किलोमीटरचा वळसा आहे, तोच समुद्रातून सुमारे 90 किलोमीटरवर येतो, तीन-चार तास लागतात. खंभातच्या आखाताला भरती-ओहोटीचा जोर फार असतो. मुलाला बोट लागते का, मळमळतं का, दोन तासांनी समुद्र बघून कंटाळतो की रेलिंगपाशी उभाच राहतो, हे सगळं थोडक्या पैशांत कळतं. आमच्या लेकीला जाताना मळमळलं, येताना नाही. म्हणून आम्ही क्रूझवर मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घेतली, तिथे हेलकावे कमी लागतात.

पैशांचं थोडक्यात. बोटीवर सगळा खर्च कार्डावर पडतो, आणि व्हिडिओ गेम्सच्या खोलीत ते कार्ड चालतं. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डावर मर्यादा घालून घ्या. फोन विमान मोडवरच ठेवा, भर समुद्रात जहाजाचं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. आम्ही वाय-फाय एकाच फोनला घेतलं, माझ्या. पहिली संध्याकाळ लेक रुसली. पण मुलींकडे फोन नव्हता म्हणूनच त्यांनी "साडेचारला कोर्टवर" असं तोंडी ठरवलं आणि चौघी वेळेवर हजर राहिल्या. मला वाटतं, इंटरनेट असतं तर ती मैत्री एवढी झाली नसती. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणार असाल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते तपासा. मध्ये दुसऱ्या देशाचं बंदर लागतं.

आणि रोज नवं बंदर असलेला कार्यक्रम घेऊ नका. रोज सकाळी सहाला उठून बसने किल्ले आणि देवळं बघायची, हे मला आवडतं, लेकीला नाही. एक तरी पूर्ण दिवस समुद्रातला हवा. मैत्री त्याच दिवशी होते.

आता मुद्द्याची विनंती. लेक पंधरा पूर्ण झालीय आणि येत्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जायचं म्हणतेय. सुरतची मुलगी येणार हे जवळपास ठरलंय, पुण्याच्या मुलीची दहावी आहे, तिची आई अजून हो म्हणत नाही. तुमच्यापैकी कुणी चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना घेऊन त्याच सुट्टीत सिंगापूरहून निघणार असाल तर तारीख आणि बोट कळवा. आम्ही अजून बुकिंग केलेलं नाही, तुमची तारीख बघून करू.