लाडका गायक पॉप झाला? टाळ्या वाजवा!

अभिनंदन! तुमच्या लाडक्या कंट्री-रॉक गायकाची, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्याला रॉकची जोड देणाऱ्याची, प्रगती झाली आहे. आता तो पॉप गातो. डॅलसजवळच्या एका स्टेडियममध्ये गेल्या शनिवारी ही प्रगती मी सहकुटुंब, पार्किंगचे वेगळे पैसे मोजून पाहून आलो. नाव सांगत नाही. त्याचे वकील महाग आहेत आणि माझं गृहकर्ज अजून फिटायचंय. पण ज्यांच्यावर ही वेळ यायची आहे, त्यांच्यासाठी चार हिताच्या गोष्टी सांगून ठेवतो.

तिकीट काढताना दर डोळ्यांदेखत का वाढतोय, असं विचारू नये. वाढलेला भरावा.

नवा अल्बम ऐकताना श्रेयनामावली वाचू नये. पूर्वी गाण्याखाली एकच नाव असायचं, त्याचं स्वतःचं. फार तर गिटारवाल्या मित्राचं दुसरं. आता सव्वादोन मिनिटांच्या गाण्याला सात गीतकार लागतात, आणि साताजणांनी डोकी लावून लिहिलेलं काय, तर ‘ओ ओ ओ, टुनाइट’. याच माणसाच्या गाण्यांत पूर्वी गावांची नावं यायची, हायवेचे नंबर यायचे, बंद पडलेली कापसाची जिनिंग मिल यायची, बापाने गहाण टाकलेला ट्रॅक्टर यायचा. आता नुसती ‘सिटी’ येते. कुठली, ते विचारायचं नाही. गाणं जगभर वाजायला हवं, आणि सिटी काय, जगात सगळीकडेच असते.

गायकाचा सूर यंत्राने दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनबद्दल नाक मुरडू नये. 1997 पासून बाजारात आहे, वापरायचं नाही तर काय त्याची पूजा करायची? वरच्या सुरावर त्याचा आवाज किंचित फाटायचा आणि त्या एका जागेसाठी आपण गाणं पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायचो. तो दोष आता दुरुस्त झाला आहे.

काउबॉय टोपीबद्दल बोलू नये. टोपी अजून आहे.

कोणी ‘हे कंट्री नव्हे’ म्हणून कुरकुर केली, तर त्याला इतिहास ऐकवावा. 1950च्या दशकाच्या अखेरीस कंट्री संगीताची पंढरी असलेल्या नॅशव्हिलमध्ये चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी गावरान ढंगाचं व्हायोलिन म्हणजे फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनचे ताफे आणि कोरस पुढे आणला. हा ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर ॲटकिन्सनी खिशातली नाणी खुळखुळवून दाखवली, असं सांगतात. 1975च्या सीएमए, म्हणजे कंट्री संगीताच्या, पुरस्कारांत तर चार्ली रिच या गायकाने वर्षाच्या सर्वोच्च मानकऱ्याचं, म्हणजे पॉप ढंगाच्या जॉन डेन्व्हरचं नाव असलेला कागद भर मंचावर लायटरने पेटवला. आणि रिचची स्वतःची गाजलेली गाणी? व्हायोलिनच्या पाकात नखशिखांत बुडालेली. थोडक्यात, या गावात बाटणं आणि बाटलेल्यांनी दुसऱ्याला बाटगा म्हणणं, दोन्ही परंपरेला धरूनच आहे. तेव्हा तुम्ही गप्प बसा.

आणि सर्वात महत्त्वाचं: स्टेजवर स्टीलवाल्याला शोधू नये.

मी शोधला. आमच्या पिढीने हवाईन गिटारवर वाजवलेली हिंदी सिनेमाची गाणी रेडिओवर ऐकली, पेडल स्टील म्हणजे तिचंच पुढचं भावंड. दहा तारा आडव्या ताणलेल्या, डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, पायाखाली पेडलं, दोन्ही गुडघ्यांना ढकलायला खटके. माणूस बसून वाजवतो आणि हात-पाय-गुडघे सगळे एकदम कामाला लागतात. त्यातून निघणारी मींड ऐकून टेक्सासच्या उजाड रस्त्यावर एकट्याने गाडी चालवताना माझ्यासारख्या सदाशिवपेठी माणसाचा गळा दाटून आला होता, आणि म्हणूनच मी या गायकाचा चाहता झालो. याच्या बँडचा स्टीलवाला कोपऱ्यात मान खाली घालून बसायचा. प्रेक्षकांकडे बघायचाही नाही. लावणीतून ढोलकी काढा, मग काय उरतं सांगा. तसा होता तो तिथे.

तर त्याच्या जागेवर आता आगीचे फवारे उडवणारं यंत्र आहे. एक वेळ तेही सोसलं असतं. पण मधेच जुनं गाणं आलं, सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि स्टीलचा तोच तुकडा वाजला. वाजवणारा कोणीच नाही! मागे लॅपटॉपपाशी बसलेल्या पोराने कळ दाबली होती. माणूस काढून टाकला आणि त्याचा आवाज ठेवून घेतला! वर हा गृहस्थ डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, कोणीतरी खरोखर वाजवत असल्यासारखा मान डोलावतोय. बायको म्हणाली, “अहो, छान वाजलं की!” वाजलं ना. वाजणारच. रेकॉर्ड केलेलं कधी चुकतं का?

घरी येताना गाडीत लेकीने मुद्दा काढला. “बाबा, कंट्री-रॉक तरी कुठे शुद्ध होतं?” अगदी बरोबर. 1968 मध्ये ‘द बर्ड्स’ ही रॉकवाली लांबकेशी पोरं नॅशव्हिलला गेली, तेव्हा तिथल्या ग्रँड ओल ऑप्री या जुन्या कंट्री कार्यक्रमाच्या श्रोत्यांनी त्यांचं स्वागत हुर्यो उडवून केलं. पण त्या पोरांनी काय केलं ते बघ ना! नॅशव्हिलच्या लॉईड ग्रीनला स्टुडिओत बसवलं, त्याचं स्टील आपल्या रॉकमध्ये घेतलं. त्यांनी जवळ केलं, याने हाकललं. दोन्ही एकच?

आणि पॉपचं मला वावडं नाही हो. कंट्रीतूनच आलेल्या टेलर स्विफ्टने 2014 साली ‘1989’ काढला तेव्हा हा माझा पॉप अल्बम आहे, असं जाहीर सांगितलं. नॅशव्हिलला राम राम म्हणून गेली, प्रश्न मिटला. कंट्री गायिका शनाया ट्वेनने 2002 मध्ये एकच अल्बम लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन अवतारांत काढला. लाल पॉप, हिरवा कंट्री, आणि निळ्यात चक्क आपल्या सिनेसंगीताच्या वळणाची वाद्यं. धंदाच केला, पण गिऱ्हाइकाला रंग दाखवून केला. ज्याला जो हवा तो त्याने ऐकावा.

तू काय केलंस? टोपी तीच, बूट तेच, पोस्टरवर तोच गंजका ट्रक, आणि आत माल दुसरा. पॉप गायचंय ना, मग गा की उघड! ट्रक कशाला उभा करतोस? मुलाखतीत सांगतोस की ‘माझी मुळं मी विसरलेलो नाही’. मुळं म्हणजे काय, शर्टाची बटणं? ज्या माणसाने वर्षानुवर्षं तुझ्या मागे बसून तुझ्या साध्यासुध्या चालींना जीव लावला, त्याला काढलंस आणि त्याचे सूर फुकटात वापरतोस, वर त्याचं नावही घेत नाहीस. लाज वाटायला हवी. पन्नास हजार माणसांसमोर बँडमधल्या सगळ्यांची ओळख करून दिलीस, लॅपटॉपवाल्याचीसुद्धा. त्या स्टीलवाल्याचं नाव घ्यायला किती वेळ लागला असता? पुढच्या दौऱ्यात त्याला परत बोलाव. पगार परवडत नसेल, तर ते आगीचे फवारे कमी कर.