गोधडी फुकट पाठवायची का?

मे महिन्यात जळगावात माणूस घराबाहेर पडतो तो रात्री, जेवणं उरकल्यावर. काव्यरत्नावली चौकात आमची पाच-सहा जणांची बैठक साडेनऊनंतर भरते. विषय बहुतेक ठरलेले असतात: केळीचा भाव, पोरांच्या शाळा, कुणाच्या लग्नात भरीत कसं झालं होतं. परवा मात्र माझ्या बायकोने बसल्या बसल्या मोबाइल काढला आणि म्हणाली, "आधी हे ऐका आणि सांगा काय उत्तर देऊ."

मेसेज पुण्याच्या एका ताईंचा होता. बाळंतपण, बाळाचं संगोपन यावर त्या रील करतात. "ताई, तुमचं काम खूप गोड आहे. माझे ९० हजार फॉलोअर्स आहेत, बहुतेक नव्या आया. दोन बाळगोधड्या, एक कुंची आणि झबल्यांचा सेट पाठवलात तर रील करून तुम्हाला टॅग करीन. बार्टर कोलॅब चालेल ना?"

बायको आणि माझी आई मिळून तीन वर्षांपासून बाळांचं शिवण करतात. मऊ सुती कापडाच्या तीन थरांची, हाताने धावदोरा घातलेली पाळण्यातली गोधडी ९०० रुपयांना जाते. त्यातले ३५० कापड-दोऱ्याचे. बाकी आईच्या चार दुपारी. त्या ताईंनी एका ओळीत जे मागितलं, ते आमच्या भावाने अडीच हजारांच्या वरचं सामान आणि दहा दिवसांचं शिवण होतं. कुरिअर वेगळं.

वहिनी लगेच म्हणाल्या, "पाठवून दे." वहिनी म्हणजे आमच्या सीए मित्राची बायको. त्यांचंही छोटं पेज आहे, बारा-तेरा हजार लोक बघतात. "तुम्हाला वाटतं मोबाइल धरला की झालं. बाळ झोपल्यावर मी रात्री बारापर्यंत एडिट करते. नोकरी सोडून घरी बसले, तेव्हा याचे पैसे कुणी दिले का? मोठ्या कंपनीला जाहिरातीला लाखो लागतात. तुझी जाहिरात ती बाई दोन गोधड्यांत करतेय. यात वाईट काय?"

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. घरी राहून पोर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला आपल्याकडे मोल नाही. त्या कामातून चार पैसे, चार वस्तू घरी आल्या तर डोळे वटारायला सगळे पुढे. हे मी आधीच मान्य केलं.

आप्पा आमच्यात सगळ्यांत वडीलधारे, पारोळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. ते इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "कोनी खुशीमा दिधं ते लिधं, हाई येगळं. मांगीसन लिधं, हाई येगळं शे."

मलाही मुद्दा तिथेच दिसतो. ९० हजारांचा आकडा सांगून मागितलं की छोट्या माणसाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर ती वाईट बोलेल का, दुसऱ्या कुणाला सांगेल का, ही धाकधूक मनात असतेच. मोठी कंपनी असे शंभर नग फुकट वाटते आणि त्याचा खर्च आधीच किमतीत बसवते. आमच्याकडे एक गोधडी फुकट गेली की त्या आठवड्याचा नफा गेला.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एकीला अशीच गोधडी आणि कुंची पाठवली होती. तीन वेळा आठवण केल्यावर तिने पंधरा सेकंदांची एक स्टोरी टाकली. त्यात आमचं नाव नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी तीही गेली. पैशाचं मी सोडून दिलं. पण आई महिनाभर विचारत राहिली, "तिच्या बाळाला कुंची बसली का गं?" तिला काय सांगायचं, ते आम्हाला कळेना.

आमचीही चूक मी तिथेच सांगून टाकली. त्या पहिल्या वर्षी आम्ही आपण होऊन चौघी-पाचजणींना वस्तू पाठवल्या होत्या आणि "छान बोला हं" असं बायकोने चिठ्ठीत लिहिलं होतं. वस्तू फुकट द्यायची आणि वर शब्दही आपलेच तोंडात घालायचे, हे बघणाऱ्या आयांना फसवणंच होतं. त्या चिठ्ठ्यांची आज मला लाज वाटते.

मग सीएने कायद्याची बाजू मांडली, आणि ती माझ्या अंदाजापेक्षा कडक निघाली. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या आस्की या संस्थेने मे २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले. त्यात पैसे मिळाले तरच सांगा असं नाही. फुकट वस्तू, सवलत, हॉटेलचा मुक्काम, एवढंच काय, न मागता घरी आलेलं पार्सलसुद्धा मोजलं जातं. "मी माझं खरं मत देतेय" म्हणून सुटका नाही. मत खरं असलं तरी वस्तू फुकट आली, हे सांगायचंच. आस्की ही जाहिरातवाल्यांचीच संस्था. पण त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानेही सूचना काढल्या: घेणंदेणं साध्या भाषेत सांगा, आणि रील ज्या भाषेत आहे त्याच भाषेत सांगा.

"म्हणजे मराठीत गोड गोड बोलायचं आणि खाली वीस हॅशटॅगच्या गर्दीत इंग्रजीत कोलॅब लिहायचं, हे चालत नाही," सीए म्हणाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी वस्तू बनवणाऱ्यावर आणि तिची शिफारस करणाऱ्यावरही १० लाखांपर्यंत दंड आहे. पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

"दोन गोधड्यांसाठी?" वहिनी म्हणाल्या.

"दोन गोधड्यांवर कुणी धाड घालणार नाही. पण बघणाऱ्या बाईला काय कळलं पाहिजे, ते दोन गोधड्यांना आणि दोन लाखांना सारखंच आहे."

प्राप्तिकराचंही त्याने सांगितलं. जुलै २०२२ पासून एका वर्षात २० हजारांवरच्या अशा वस्तूंवर देणाऱ्याने १० टक्के कर कापायची तरतूद आली. वस्तू परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. आमच्यासारख्या घरगुती धंद्याला ती कापाकापी लागू नाही. पण सरकारच्या हिशेबातही ठेवून घेतलेली वस्तू ही कमाई आहे, एवढं मला पुरे झालं.

खरी जुंपली ती पुढे. वहिनी म्हणाल्या, "मला एखादी वस्तू आवडली नाही तर मी रीलच करत नाही. छोट्या बाईचा धंदा कशाला बुडवू?"

यात दया आहे, हे मला दिसतं. तरीही मला ते पटलं नाही. पेजवर नुसत्या आवडलेल्याच वस्तू येत राहिल्या तर बघणारीला वाटणार, हिने घेतलेलं सगळं चांगलंच निघतं. दहातल्या सात वस्तूंबद्दल ती गप्प राहिली, हे तिला कधी कळणारच नाही. बरं, गोधडीची परीक्षा पार्सल फोडताना होत नाही. पाच-सहा धुण्यांनंतर रंग जातो का, आतला थर गोळा होतो का, टाका उसवतो का, ते बघायला महिना जातो. रील दुसऱ्या दिवशी येते.

"मग काय, चारचौघांत वाभाडे काढू?" वहिनींचा आवाज चढला.

बायको म्हणाली, "मला आधी फोन करा. रंग गेला तर सांगा. आठ दिवस द्या. मी दुरुस्त नाही केलं तर मग सगळ्यांना सांगा."

"आणि झबल्याचं बटण हातात आलं तर?" मेडिकलवाल्या भाऊंनी विचारलं. त्यांचं दुकान एका प्रसूतिगृहाशेजारी आहे. "बाळ ते तोंडात घालतं. तिथे आठ दिवस नाही. त्याच दिवशी सांगायचं, मग ते तुमचं असो नाही तर कुणाचं."

बायकोने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. त्यानंतर आमच्याकडे झबल्यांना बटणं बंद झाली, आता बांधायच्या नाड्याच लावतो.

भाऊंचं एवढ्यावर संपलं नव्हतं. ते वहिनींकडे वळले. "वहिनी, राग मानू नका. तुमची ती केळीच्या पिठाची रील काढायला पाहिजे." रावेरकडच्या एका बचत गटाने कच्च्या केळीचं पीठ पाठवलं होतं, पाकिटावर 'सहा महिन्यांवरील बाळांसाठी'. वहिनींनी ते शिजवून बाळाला भरवतानाची रील केली होती. आम्ही सगळ्यांनी ती कौतुकाने बघितली होती.

भाऊ सांगत गेले आणि आम्ही ऐकत राहिलो. एके काळी दुधाच्या पावडरचे डबे प्रसूतिगृहांत फुकट वाटले जात. बाळ डब्यावर राहिलं की आईला पाजणं कमी होतं, आणि पाजणं कमी झालं की दूध आटतं. फुकटचा डबा संपेपर्यंत अंगावरचं दूध गेलेलं असतं, आणि मग विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही. जगभर त्याविरुद्ध आवाज उठला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने त्याची आचारसंहिता केली. आपल्याकडे १९९२ मध्ये कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या बाळाचं दूधपर्यायी अन्न, दुधाची बाटली, आणि आईच्या दुधाला जोड म्हणून विकलेलं बाळाचं खाणं, यांची जाहिरात करायची नाही आणि फुकट नमुने वाटायचे नाहीत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेचीही होऊ शकते.

"कंपनीसाठीच आहे ना तो?" वहिनी.

"कायद्यात 'कोणीही' असं आहे. हेच केळीचं पीठ म्हणून विका, थालीपीठ करा, उपासाला खा, काही हरकत नाही. पाकिटावर बाळ आलं की ते बाळाचं अन्न झालं."

वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या रीलवरून त्यांची चाळीस पाकिटं गेली. गटातल्या एकीने मला फोन करून सांगितलं, पहिल्यांदा स्वतःच्या कमाईतून पोरीच्या शाळेची फी भरली म्हणून." त्यांचे डोळे भरून आले. या चर्चेतली सगळ्यांत अवघड जागा मला हीच वाटते. छोट्या धंद्याचं भलं आणि बाळाचं भलं एकाच बाजूला नसतं तेव्हा मी बाळाच्या बाजूने उभा राहीन. पण त्या बाईच्या फीचं काय, हे मला विसरता येणार नाही. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "पोरनं तोंड शे ते, दुकाननी पाटी नही."

वहिनींनी रील तिथेच काढली. आणि बचत गटाला फोन करून पाकिटावरचा मजकूर बदलायला सांगायचं, नव्या पाकिटांतली चार स्वतः पैसे देऊन घ्यायची आणि थालीपिठाची रील करायची, हे त्यांनी आपणच ठरवलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या रात्री वाढला.

उरला आमचा मेसेज. मी म्हटलं, सरळ नाही म्हण, हवं तर विकत घ्या म्हणावं. सीए म्हणाला, पाठव पण अटी घाल. बायकोने आमचं ऐकून घेतलं आणि तिला हवं तेच लिहिलं: "ताई, सगळं पाठवणं जमणार नाही, हातशिवण आहे. एक गोधडी पाठवते. ती तुम्हाला भेट आली आहे, हे रीलच्या सुरुवातीलाच मराठीत बोलून सांगा. महिनाभर वापरा, धुवा, मग जे वाटेल ते बोला. दोष दिसला तर तोही सांगा. हे जमत नसेल तर राग नाही." पंधरा मिनिटांनी उत्तर आलं, "चालेल ताई. असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

सकाळी उठलो तर आईने कपाटातली सगळ्यांत देखणी गोधडी काढून ठेवली होती. फिकट गुलाबी, कडेला बारीक टाक्यांची मोरवेल. पुण्याला जायची म्हणून. बायकोने ती उचलून परत आत ठेवली. म्हणाली, "आई, ही त्यांना गेली आणि रील बघून मागवणाऱ्या बाईला दुसरी मिळाली तर?" आणि रोजच्या विक्रीच्या थप्पीतली सगळ्यांत वरची उचलून कुरिअरच्या पिशवीत घातली.