चौथीपर्यंत परीक्षा नाही?

'जपानमध्ये चौथीपर्यंत परीक्षाच नाही, फक्त संस्कार' हे जपानी शाळांवरच्या एका लेखातलं वाक्य म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचं जुनं पिल्लू आहे हो! तिथे पहिलीपासून चाचण्या असतात. नीतिशिक्षणाचा तास आठवड्यातून एकच. ओत्सू शहरात २०११ साली छळाला कंटाळून एका शाळकरी मुलाने जीव दिला, त्यावरून गदारोळ झाला आणि २०१८पासून प्राथमिक शाळेत नीतिशिक्षण हा रीतसर विषय झाला. गुण देत नाहीत, शिक्षक चार ओळी लिहितात, हे मात्र पटलं.

पण गंमत बघा. पाठ्यपुस्तकांच्या सरकारी तपासणीत पहिलीच्या नीतिशिक्षणाच्या एका पुस्तकात परंपरा नि देशप्रेम कमी पडतंय असा शेरा आला, तर प्रकाशकाने धड्यातली बेकरी काढून पारंपरिक मिठाईचं दुकान टाकलं! पाव खाणाऱ्या पोराचं देशप्रेम कमी भरतं की काय?