पैसा दिसत नाही तिथे

भारतात भविष्यपटाचा विषय निघाला की चर्चा हटकून कोटींवर आणि व्हीएफएक्सवर (संगणकावर घडवलेल्या दृश्यांवर) घसरते. हॉलिवूडकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, विषय संपला. इंग्लंडमध्ये राहून अल्फोन्सो क्वारोनचा ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ (२००६) पाहिला, की हा वाद भलत्याच ठिकाणी अडकलाय हे लक्षात येतं.

त्यातल्या २०२७च्या लंडनमध्ये उडत्या गाड्या नाहीत. बसगाड्या ओळखीच्याच, फक्त कळकट. स्टेशनवर निर्वासित पिंजऱ्यात कोंडलेत, लोक कामावर निघालेत, आणि कॅमेराही तिथे रेंगाळत नाही. धास्ती बसते ती या न रेंगाळण्यानं. २०१६पासून इंग्लंडभर घर भाड्यानं देण्याआधी भाडेकरूला इथे राहण्याचा हक्क आहे का, हे घरमालकानं तपासायचं असतं. हक्क नसलेल्याला ठेवलं तर पहिल्याच खेपेला माणशी १०,००० पौंडांपर्यंत दंड. अशी कागदपत्रं दाखवत राहणाऱ्याला तो पिंजरा काही फार लांबचा वाटत नाही.

गाडीवरच्या हल्ल्याचा जवळपास चार मिनिटांचा शॉट तर शिकवणीला लावावा असा. गाडीचं छप्पर काढून कॅमेरा वरून आत सोडला. तो फिरताना नटांना वाट देता यावी म्हणून सीटा मागे कलत. मात्र ‘एकाच टेकमध्ये’ ही दंतकथा. वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेले तुकडे संगणकावर सांधलेत. पुढे सिनेमात जन्मणारं बाळही संगणकावर घडवलेलं. म्हणजे व्हीएफएक्स भरपूर आहे, पण पैसा दिसू नये म्हणून खर्च झालाय.

पटकथेला मात्र मोठं भोक आहे. सिनेमातल्या जगात अठरा वर्षं मूल जन्मलेलं नाही, देश म्हातारा होतोय, तरी सरकार धडधाकट माणसं हाकलतंय. मग म्हाताऱ्यांचं करणार कोण? खऱ्या ब्रिटननं २०२२मध्ये परदेशी केअर वर्कर्सना दार उघडलं, मार्च २०२४पासून त्यांना कुटुंब आणायला मनाई केली, जुलै २०२५मध्ये परदेशातून नवी भरतीच बंद केली. गरजही आहे आणि नकोसेही आहेत, हा पेच सिनेमाला सुचलाच नाही. त्याचं सरकार नुसतं क्रूर आहे.

‘की’ (Kee) या निर्वासित तरुणीचं पात्रही तसंच अर्धवट. मूल न होणाऱ्या या जगात गरोदर ती, जिवावर बेतलंय तिच्या, आणि कुठे जायचं ते बहुतेक वेळा ठरवतात इतर. सरकारविरोधी बंडखोर तर तिचा पाठलाग करण्यापुरतेच.